बहात्तरचा दुष्काळ सोसलेल्यांचं आजचं खाणं: काय तसंच राहू द्यावं, काय बदलावं?

माणदेशी (धागाकर्ता)

1972 साली दहा-बारा वर्षांची असलेली मुलं आज साठी ओलांडून पुढे गेली आहेत. तेव्हा पाझर तलावावर माती वाहणारे, रस्त्याची खडी फोडणारे आज ऐंशीला टेकलेत. सोलापूर, अहिल्यानगर (नगर), बीड, धाराशिव (उस्मानाबाद), छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), सांगलीचा पूर्व भाग, पुण्याचे पूर्वेकडचे तालुके, सगळीकडे ही माणसं घराघरांत आहेत आणि त्यांच्या खाण्यावरून रोजची कुरबुर आहे. बुरशी खरवडून भाकरी खातात, रक्तातली साखर वाढली तरी ताटात शीत सोडत नाहीत, उशाखाली गूळ सापडतो, पिठाचा डबा निम्म्यावर आला की अस्वस्थ होतात.

या धाग्यात दोनच गोष्टी हव्या आहेत: या सवयी कुठून आल्या, आणि घरच्यांनी नेमकं काय करायचं. म्हाताऱ्या माणसांच्या गमतीजमती इथे नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

थोडी पार्श्वभूमी. 1970 आणि 71 ला पाऊस कमीच होता, 72 ला खरीप गेलं आणि रब्बीची पेरणीही बहुतेक ठिकाणी साधली नाही. तरी माणसं किडामुंगीसारखी मेली नाहीत, याचं मोठं श्रेय दुष्काळी कामांना. मे 1973 मध्ये या कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा आला तो याच अनुभवातून. पण कामावर जाणं म्हणजे उन्हात दिवसभर ढोरमेहनत, आणि पोटात अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी. तिला चिकटपणा नाही, उकळत्या पाण्यात उकड काढल्याशिवाय थापताना फाटायची. सोबत तरोट्याची किंवा घोळीची भाजी, पोरांना सुकडी.

म्हणजे ही भूक पूर्ण उपासमारीची नव्हती. महिनोन् महिने अर्धपोटी राहण्याची होती, आणि उद्या मिळेल की नाही या धास्तीची. आजच्या सवयी याच धास्तीतून आल्या आहेत, म्हणून त्यांना हावरटपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

वॉर्ड_सात

शरीराच्या बाजूने भर घालतो. अर्धपोटी राहिल्यावर माणसाचं काय होतं याचा सर्वात काटेकोर प्रयोग अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात झाला. 36 निरोगी तरुण स्वयंसेवक, फेब्रुवारी 1945 पासून 24 आठवडे जवळपास निम्मा आहार. वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. पण खरं बघण्यासारखं होतं ते वागणं: ताटं चाटणं, पाककृतींची पुस्तकं जमवणं, दिवसभर जेवणाचाच विचार. आणि आहार पूर्ववत केल्यावरही अनेकांची भूक महिनोन् महिने शमेना. पोट तुडुंब, तरी समाधान नाही. वजन भरून आलं तेही आधी चरबीने, स्नायू मागे पडले.

हे सगळे धडधाकट, स्वतःहून तयार झालेले तरुण होते आणि प्रयोग कधी संपणार हे त्यांना ठाऊक होतं. 72 च्या माणसाला पुढचा पाऊस कधी हे ठाऊक नव्हतं.

नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांशी म्हातारपणी बोलून झालेल्या अभ्यासातही हेच आढळलं: खराब झालेलं अन्नसुद्धा टाकवत नाही, गरजेपेक्षा जास्त साठवणं, जेवणासाठी रांगेत उभं राहणं असह्य होणं, अन्न हाताशी नसलं की घालमेल. दुःख वेगळं, देश वेगळा, पण यादी आपल्या घरातलीच वाटते. लग्नात बुफेच्या रांगेला लागण्यापेक्षा न जेवता परत येणारी म्हातारी माणसं बघा. त्यांना खुर्चीवर बसवून ताट हातात आणून द्या.

रोखठोक

दुष्काळाला पन्नास वर्षं झाली. सगळ्याला भूतकाळाचं कारण द्यायचं तर मधुमेह कोण आवरणार? डबे काढून घ्या, कपाटाला कुलूप लावा. आठ दिवस कुरकुर होईल, मग अंगवळणी पडेल.

रात्रपाळी

@रोखठोक, कुलूप लावल्याने साठवण थांबत नाही, जागा बदलते. कपाटातला डबा गेला की पुरचुंडी गादीखाली, ट्रंकेत, कोटाच्या खिशात, शालीच्या घडीत जाते. तिथे उंदीर-झुरळं येतात, बिस्किटं मऊ पडतात, आणि माणूस काय, किती, केव्हा खातोय याचा घरच्यांना पत्ताच लागत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा पत्ता नसणं धोक्याचं. दुसरं म्हणजे कुलूप दिसलं की जुनी धास्ती खरी ठरते आणि माणूस आणखी साठवतो.

वृद्धसेवेत जी पद्धत चालते ती सांगते. त्या माणसाच्या हक्काचा एक डबा द्यायचा. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, त्यांना एका हाताने उघडेल असा, मुठीएवढा. त्यात मूठभर फुटाणे (साधारण 30 ग्रॅम) किंवा फुटाणे 20 आणि भाजलेले शेंगदाणे 10 ग्रॅम. दात नसतील तर डाळ्याचं पीठ, हवं तर किंचित ताकात कालवून. डबा रोज ठरलेल्या वेळी, रिकामा व्हायच्या आत भरायचा. बहुतेक घरं इथेच चुकतात. "संपल्यावर सांगा, देते" म्हटलं की डब्याचा उपयोग गेला, कारण रिकामा डबा हीच तर भीती आहे. त्यांच्यादेखत भरा, झाकण त्यांनाच लावू द्या.

सुरुवातीला डबा दोन-तीनदा फस्त होईल, किंवा त्यातलं काढून दुसरीकडे लपवलं जाईल. बोलायचं नाही, भरत राहायचं. महिना-दीड महिना धीर धरावा लागतो. मग हळूहळू डबा भरलेलाच राहायला लागतो. हात लावून बघतात आणि ठेवून देतात.

लपवलेलं सापडलं तर सगळ्यांसमोर काढू नका. आंघोळीला गेल्यावर खराब झालेलं तेवढं उचला आणि त्या जागी थोडं ताजं, कोरडं ठेवा. जागा पूर्ण रिकामी केली की दुसऱ्या दिवशी नवी जागा शोधली जाते.

एक सावधगिरी: पक्षाघात झालेला असेल, गिळताना ठसका लागत असेल, तर फुटाणे, शेंगदाणे, लाह्या नकोत. घशात अडकतात.

आहारमापे

ताटाबद्दल लिहिते, कारण "कमी खा" हा सल्ला या पिढीला देऊन उपयोग होत नाही. ताटातलं टाकणं पाप आहे हे रक्तात आहे. मग बदल वाढण्यात करायचा, संपवण्यात नाही.

अर्धी भाकरी कधीच वाढू नका. अर्धी म्हणजे टंचाई. 80 ग्रॅम पिठाची एक मोठी भाकरी करण्याऐवजी 40 ग्रॅमच्या दोन छोट्या, अख्ख्या, गोल. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 330 ते 350 किलोकॅलरी, तेव्हा छोटी भाकरी 135-140 ची झाली. पहिली ताटात, दुसरी दुरडीत, दुरडी नजरेसमोर आणि झाकण उघडं. पहिली संपली की स्वतःहून विचारायचं: "अजून वाढू का?" हा प्रश्न कानावर पडणं या माणसांना फार मोलाचं असतं. सगळं एकदम वाढून "आता एवढंच" म्हटलं की तीच भाकरी अपुरी वाटते.

परात-थाळी बदलून नऊ इंची, काठाची ताटली घ्या म्हणजे ताट भरलेलं दिसतं. आधी वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ आणि भाजी, भाकरी मागून. भराभर जेवणाऱ्याला "हळू जेवा" सांगून काही होत नाही. त्याऐवजी कांदा, मुळा, काकडी असं चावावं लागणारं ताटात ठेवा (दात असतील तर), कालवण गरम वाढा आणि सोबत कुणीतरी बसा. एकटं जेवणारा माणूस सगळ्यात घाईने जेवतो.

आता एक अडचण, जी शहरातल्या आहारतज्ज्ञांच्या लक्षात येत नाही. कागदावर "ज्वारीच्या कण्या, नाचणी, हुलग्याचं माडगं" लिहून दिलं जातं. पण ज्याने त्या दिवसांत कण्यांवर दिवस काढले त्याला कण्या म्हणजे गरिबी. घरात गहू आला, तांदूळ आला, तेव्हा दिवस पालटले असं त्याच्या लेखी आहे. त्याला पुन्हा कण्या वाढणं अपमानासारखं लागतं. तिथे हट्ट करू नका. गव्हाच्या कणकेत चौथा हिस्सा हरभऱ्याचं पीठ आणि थोडा कोंडा मिसळून चपाती करा. भात हवाच असेल तर शिजलेला भात एक वाटी आणि त्यावर दीड वाटी घट्ट वरण. उलट काहींना भाकरीशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाही. त्यांचं काम सोपं आहे.

पुरवठा_शाखा

दुरडीची सूचना पटली. शिळ्याचं काय करायचं? बुरशी आलेली भाकरी "वरचं काढलं की झालं" म्हणून खाल्ली जाते.

कोठीघर

शिळं सगळं सारखं नसतं, म्हणून सरसकट बंदी घातली की म्हातारी माणसं ऐकत नाहीत, आणि त्यांचंही अर्धं बरोबर असतं.

ज्वारी-बाजरीची शिळी भाकरी सकाळी ताकात कुस्करून खाणं ठीक. जास्त उरली तर तव्यावर मंद आचेवर कडक करून, पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरली की आठवडाभर टिकते. चूक होते ती कोमट भाकरी डब्यात दाबून झाकण लावण्यात. वाफ धरते, दुसऱ्या दिवशी तार सुटते, तिसऱ्या दिवशी बुरशी.

बुरशीचा हिरवा ठिपका वर दिसतो तोवर तिचे धागे आत गेलेले असतात, म्हणून खरवडून काही साधत नाही. शेंगदाण्याचं तर फारच जपा. सुरकुतलेले, काळपट-हिरवट, कडू लागणारे दाणे निवडून टाका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं आणि घरच्या भाजण्याने ते पुरतं जात नाही.

सर्वात फसवा म्हणजे रात्रीचा भात. शिजवूनही जगणारे जिवाणूंचे बीजाणू भातात असतात. भात पातेल्यात तसाच कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. सकाळी फोडणी दिली तरी ते विष जात नाही, मग उलट्या-जुलाब. उरलेला भात परातीत पसरून गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रिज नसेल तर भात मोजूनच लावा. उरू द्यायची ती भाकरी.

आणि टाकायचंच असेल तर कुठे, हा खरा प्रश्न. कचऱ्याच्या बादलीत भाकरी पडताना बघणं या माणसांना सोसवत नाही. चांगलं उरलेलं गाईला, कोंबड्यांना. बुरशीचं मात्र जनावराला घालू नका, अफ्लाटॉक्सिन दुधातून परत आपल्याकडेच येतं. ते परसात खड्ड्यात, फ्लॅटमध्ये असाल तर खताच्या कुंडीत, वर मूठभर माती. हे त्यांच्याच हातून करवून घ्या. अन्न मातीत गेलं याला त्यांची हरकत नसते.

माणदेशी

साठवणीबद्दलही लिहा ना. पोती भरून ठेवायचा आग्रह असतो आणि पावसाळ्यात सोंडे होतात.

कोठीघर

लिहितो. पूर्वी पेव असायचं, कणगी, बळद असायचं. ज्याच्या पेवात ज्वारी त्याला वर्षाची चिंता नाही. आताच्या दोन खोल्यांत ते शक्य नाही, पण एक कोठी कायम भरलेली हे शक्य आहे. म्हातारं माणूस दिवसाला 200 ग्रॅम पीठ खात असेल तर महिन्याला 6 किलो, वर्षाला 70-75 किलो. नवरा-बायको दोघांना 25 किलोची पत्र्याची कोठी म्हणजे दोन महिन्यांचं धान्य. कोठी पाऊण झाली की भरायची, आधी जुनं खालून काढून. तिला काचेची किंवा प्लास्टिकची खिडकी असेल तर फार उत्तम, झाकण न उघडता पातळी दिसते.

धान्य एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे, चेपला तर ओल आहे. मग रात्रभर सावलीत गार होऊ द्या. उन्हातलं गरम धान्य थेट भरलं की आत घाम धरतो, तळाशी गठ्ठा होतो, तिथूनच बुरशी आणि सोंडे सुरू. कोठी काठोकाठ भरा, वर मोकळी हवा राहायला नको. जमिनीवर नको, लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. डाळींना किलोला चहाचा एक चमचा एरंडेल चोळा. वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला, पण पूर्ण वाळलेला. ओलसर पाल्यानेच बुरशी आलेली कितीतरी वेळा दिसते.

धान्यातली कीड मारायच्या सेल्फॉसच्या गोळ्या राहत्या घरात कदापि नकोत. त्यातून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडरही खायच्या धान्यात नको, कितीही जुनी सवय असली तरी.

परसदार

चर्चा चांगली चाललीय, पण सगळं बहात्तरवर ढकललं जातंय. बायकांची भूक एका वर्षाची नव्हती. दर आषाढ-श्रावणात जुनं धान्य संपायचं आणि नवं यायचं असायचं, आणि बारमाही प्रत्येक जेवणात त्या सगळ्यांच्या मागून बसायच्या. भांड्याला लागलेलं खरवडून, पोरांचं उष्टं, तळाचं पाणचट कालवण. सुकाळ आला तरी ही पद्धत पुष्कळ घरांत तशीच राहिली.

अशा बाईची सवय उलटी असते: साठवत नाही, खात नाही. "माझं झालं" म्हणते आणि झालेलं नसतं. चांगलं ते दुसऱ्याच्या ताटात सारते. तिच्या मधुमेहापेक्षा तिचा अशक्तपणा आधी बघायला हवा. तिला शेवटी बसूच देऊ नका. तिचं ताट आधी वाढून वेगळं झाकून ठेवा आणि तिच्या वाटणीची उसळ, अंडं, दूध तिच्यासमोरच तिच्या नावाने काढा. भांड्यात सगळ्यांसाठी भरपूर उरलंय हे तिला दिसलं की मगच ती खाते.

आहारमापे

@परसदार, शंभर टक्के सहमत. तपासणीत हे सारखं निसटतं, कारण "काय जेवलात" विचारलं की बायका घरात काय शिजलं ते सांगतात. विचारायचं असं: भांड्यात शेवटी किती उरलं होतं, आणि तुमच्या ताटात किती आलं?

म्हातारपणी किलोमागे रोज 1 ग्रॅम प्रथिन धरा, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. 50 किलोच्या बाईला 50 ग्रॅम. ज्वारीचं पीठ 160 ग्रॅम म्हणजे 16, डाळ किंवा कडधान्य दोन वेळा 30-30 ग्रॅम कोरडं माप म्हणजे 14, दूध किंवा दही दोनदा 200 मिली म्हणजे 13, शेंगदाणे 30 ग्रॅम म्हणजे साडेसात. कसंबसं भरतं. पातळ आमटी पिऊन हे कधीच भरत नाही, आणि मागून जेवणारीच्या वाट्याला येते ती आमटीच.

रोखठोक

डब्याची आणि दुरडीची पद्धत समजली, ती कुलपापेक्षा बरी हे मान्य. आता एक खरा प्रश्न. दुष्काळाच्या काळात आईच्या पोटात असलेल्यांवरही परिणाम होतो म्हणतात. त्यात तथ्य किती?

वॉर्ड_सात

तथ्य आहे, पण जपून वाचायला हवं. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडच्या पश्चिम भागात मोठी उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेली मुलं पन्नाशीत तपासली तेव्हा त्यांच्यात साखर पचवण्याची क्षमता कमी आढळली. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत उपासमार सोसलेल्यांत पुढे जास्त चरबीच्या खाण्याकडे ओढाही दिसला. पण लेनिनग्राडच्या वेढ्यातल्या मुलांत साखरेचा असा फरक मिळाला नाही. एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की हॉलंडमध्ये उपासमारीनंतर लगेच सुबत्ता आली, लेनिनग्राडमध्ये टंचाई चालूच राहिली. टंचाईसाठी घडलेल्या शरीरावर सुबत्ता आदळली की बिघाड जास्त.

आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. पण आपल्या बाळांत कमी असतात ते स्नायू, चरबी त्या मानाने टिकून असते. म्हणून बारीक दिसणाऱ्या मराठी माणसाला मधुमेह होतो तेव्हा नवल वाटायला नको. जे 1973 च्या आसपास दुष्काळी भागात जन्मले त्यांनी वजन कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) तपासावं, कंबर मोजावी: पुरुषांची 90 सेंमी, बायकांची 80 च्या आत.

आणखी एक, जे या धाग्यात यायलाच हवं. सवय जुनी की नवी हे आधी ठरवा. आयुष्यभर साठवणारा माणूस साठवतोय, तर वर लिहिलंय ते करा. पण ज्याने कधी साठवलं नाही तो अचानक लपवायला लागला, जेवून उठल्यावर अर्ध्या तासात "मला जेवायला दिलं नाही" म्हणायला लागला, किंवा भरपूर खाऊनही वजन उतरतंय, तर ते दुष्काळाच्या खात्यावर टाकू नका. स्मृतिभ्रंश, न आवरलेला मधुमेह, थायरॉइड, स्टेरॉइडच्या गोळ्या, सैल झालेली कवळी, यांपैकी काहीही असू शकतं. डॉक्टरांना दाखवा.

स्मृतिभ्रंशात "आत्ताच तर जेवलात" असा वाद घालून उपयोग नाही. जेवणातला चौथा हिस्सा राखून ठेवा आणि मागितल्यावर तो द्या.

रात्रपाळी

इन्सुलिनवाल्यांसाठी राहिलेलं: हक्काच्या डब्याशेजारी साखरेची वेगळी पुडी, तीन चहाचे चमचे म्हणजे 15 ग्रॅम, वर मोठ्या अक्षरात "घाम-थरथर आली तर". पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी साखर तपासायची, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. या पिढीतली माणसं देवाची म्हणून एकादशी सोडत नाहीत, तेव्हा उपासाच्या आदल्या दिवशीच गोळ्या-इन्सुलिनचं डॉक्टरांना विचारून ठेवा.

पुरवठा_शाखा

दवाखान्यात दाखल केल्यावर काय करायचं? तिथे डबा ठेवू देत नाहीत, आणि जेवणाचं ताट अर्ध्यावरच उचलून नेतात.

रात्रपाळी

दाखल करतानाच सिस्टरांना दोन वाक्यं सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या: ताट त्यांना विचारल्याशिवाय उचलू नये, आणि पथ्यात बसतो असा कोरडा खाऊ उशाशी ठेवू द्यावा. तपासणीसाठी उपाशी ठेवायचं असेल तर "आज खायचं नाही" एवढंच सांगून थांबू नका. "दहा वाजता रक्त घेतील, साडेदहाला नाश्ता" अशी वेळ सांगा आणि नाश्त्याचा डबा आणलेला असेल तर तो त्यांना दिसेल असा समोरच्या टेबलावर ठेवा. घरचे रात्री निघताना सकाळी कोण, किती वाजता, काय घेऊन येणार हे सांगून निघा, आणि ती वेळ चुकवू नका.